काय कमी पडलं

“माझं काय कमी पडलं तेवढं सांगा, मॅडम. म्हणजे मी सुधारीन.”

लालबागच्या फुटपाथवर, चिवड्याच्या दुकानासमोर मालनने अनुजाला गाठलं आणि हे विचारलं. सूर तक्रारीचा नव्हता, डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. दुकानात भाव विचारावा तसं विचारलं. हॉस्पिटलातली नोकरी ठाकूरद्वारच्या पूर्वीला लागली हे तिला कालच कळलं होतं, आणि “पूर्वी चांगली पोरगी आहे, तिचं झालं ते बरंच झालं,” असंही ती आधी म्हणून गेली होती. अनुजाच्या हातात चिवड्याची पुडी, मागून माणसांचे धक्के, आणि उत्तर तर द्यायलाच हवं होतं. “इंग्रजी,” अनुजा म्हणाली. “इंग्रजी थोडं कमी पडलं तुमचं.” हे तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की क्षणभर तिला स्वतःलाच ते खरं वाटलं. मालनचा चेहरा मोकळा झाला. म्हणजे एवढंच होतं! “बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी आपली विचार करकरून डोकं फिरवून घेतलं असतं. थँक्यू हां, मॅडम,” असं म्हणून ती गर्दीत दिसेनाशी झाली. खोटं बोलल्याचं अनुजाला फारसं काही वाटलं नाही. माणसांना नोकरीला लावायचं म्हणजे थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं. पण ते थँक्यू तिच्या अंगावर आलं. सिग्नल सुटला, लोक रस्ता ओलांडून गेले, आणि ती पुडी हातात धरून तिथेच उभी राहिली.

अनुजा परळच्या एका संस्थेत आहे. ज्यांच्या हाताला काम नाही त्यांना कामाला लावायचं, हे तिचं काम. ती ते मन लावून करते, आणि चांगलं करते, हे तिचे विरोधकसुद्धा कबूल करतील. मुंबईत कसलंतरी काम कुणालाही मिळतं, असं ती नव्या सहकाऱ्यांना ऐकवते. मिळत नाही ते चांगलं काम. चांगलं म्हणजे पगार बँकेत जमा होणारं, पीएफ कापला जाणारं, आठवड्याची सुट्टी असलेलं आणि जिथे माणसाला नावाने हाक मारतात असं. बायकांना कुठे पाठवायचं असलं की ती आधी स्वतः जाऊन बघून येते, आणि गेल्या गेल्या बायकांचा संडास कुठे आहे ते विचारते. समोरचे साहेब गडबडतात. मग डबा कुठे बसून खायचा ते विचारते. जिन्यात बसून खातात असं उत्तर आलं की ती चहा अर्धा टाकून उठते. आता असल्या बाईला अपराधी वाटण्याचं काही कारण नव्हतं. तरी त्या दिवशी ऑफिसात पोहोचल्यावर तिने चिवडा सगळ्यांना वाटून टाकला आणि स्वतः एक दाणाही तोंडात टाकला नाही.

हॉस्पिटलातली ती जागा म्हणजे वर्षातून एखादी येते तसली होती. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, मोजून कापडात बांधायची, वाफेच्या मशिनमध्ये घालून निर्जंतुक करायची. काम स्वच्छ, बसून-उठून करण्याचं, आणि सहा महिन्यांनी कायम करण्याचं कबूल केलेलं. संस्थेने त्यासाठी खास वर्ग घेतला होता. त्या वर्गात मालन गावडे पहिल्या दिवसापासून पुढे. नवरा गेल्यापासून ती एका फरसाणच्या कारखान्यात पाकिटं भरत होती, रोजावर. ऑर्डर असली तर बोलावणं, नसली तर घरी. हत्यारांची नावं तिने आठवड्यात पाठ केली होती आणि कापडाची घडी तर अशी घालायची की शिकवणारी सिस्टर तिची घडी दुसऱ्यांना दाखवायची. तशी ठाकूरद्वारची पूर्वीही हुशार होती, वाईट नव्हती, पण दोघींत निवड करायची तर डोळे झाकून मालनचं नाव पाठवावं असं सगळ्यांचं मत होतं. अनुजाचंसुद्धा. फक्त तेव्हा श्रावण लागला होता.

श्रावण लागला की कोकणातल्या माणसाला नव्या नोकरीवर पाठवायचं नाही, असा अनुजाचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि तिने तो कधी बोलूनही दाखवला नव्हता. नोकरी लागून पंधरा-वीस दिवस होतात न होतात तोच गणपती येतात, आणि गिरणगावातला कोकणी माणूस गणपतीला गावी जातो म्हणजे जातो. रजा मंजूर आहे की नाही हा प्रश्न त्याच्या लेखी त्यात येतच नाही. तो गौरी-गणपती उरकून परत येतो तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा बसलेला असतो, आणि कंपनीचा माणूस अनुजाला फोन करून म्हणतो, तुमची माणसं टिकत नाहीत हो. मग त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्यांचंही दार बंद. तेव्हा अनंत चतुर्दशीपर्यंत कोकणाला हात लावायचा नाही, नंतर खुशाल लावा. मालन कोकणातली, पूर्वीचं गाव तिकडे नाही. तिचा सहकारी निलेश, माटुंग्याचा, एमएसडब्ल्यू होऊन आलेला, त्याच्या हे दुसऱ्याच वर्षी लक्षात आलं होतं. “काय मॅडम, आपली कोकण रेल्वे बंद झाली वाटतं?” असं तो श्रावणात एकदा म्हणायचा आणि ती हसायची. ती स्वतः देवगडकडची. परक्या कुणी असला नियम केला असता तर ती त्याच्या अंगावर धावून गेली असती. पण आपल्या माणसांचं आपल्याला माहीत, असं म्हणून तिने स्वतःला ती मुभा देऊन टाकली होती.

आणि माहीत तर होतंच. तिचे वडील, शामराव, गिरणी बंद पडल्यावर काही वर्षं इकडेतिकडे हमाली-बिमाली करून शेवटी फोर्टातल्या एका कंपनीत लिफ्टमन म्हणून लागले होते. खाकी कपडे, पितळी बटणं, बसायला स्टूल. आई त्या कपड्यांना स्वतः इस्त्री करायची, शेजाऱ्यांना दिसेल अशी गॅलरीत उभी राहून. त्या वर्षी भाद्रपदात सगळे गावी गेले, वडीलही गेले. अनुजाला ते दिवस अजून जसेच्या तसे आठवतात. भजनाला बसलेले वडील, कपाळावर बुक्का, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, झांजा वाजवताना डोळे मिटलेले. मुंबईच्या खोलीत ज्या माणसाचा आवाज ऐकू येत नसे तो तिथे दहा माणसांच्या वर चढून गात होता, बायकांची थट्टा करत होता. आपले वडील हे असे आहेत, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. परत आल्यावर ते इस्त्रीचे कपडे घालून कामावर गेले, तर स्टुलावर दुसरा माणूस. त्याला राम राम केला आणि जिन्याने खाली उतरून आलो, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. बाकी काही नाही. नंतर ते रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून पोरांची नेट प्रॅक्टिस बघायचे आणि संध्याकाळी कामावरून आल्यासारखे परतायचे. आई मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढायला जाऊ लागली. तिच्या हातांत मिरची इतकी मुरली होती की जवळ घेताना गालाला हात लागला तर आग व्हायची. म्हणून आई जवळ घेताना हात मागे ठेवायची, नुसती छाती पुढे करायची. अनुजाला वडिलांचा राग यायचा तितकाच त्या विचित्र मिठीचाही यायचा. विचारायचं तरी होतं एकदा साहेबाला, असं तिने मोठेपणी एकदा वडिलांना म्हटलं होतं. ते म्हणाले, “विचारलं आणि नाही म्हणाला, तर? मग जाता येतं का?” त्यांच्या दृष्टीने हे उत्तर झालं होतं.

मालनने इंग्रजी मनावर घेतलं. हे अनुजाला कळायला दोन दिवसही लागले नाहीत, कारण तिच्या फोनवर मालनचे रेकॉर्ड केलेले आवाज येऊ लागले. “गुड मॉर्निंग, मॅडम. माय नेम इज मालन गावडे. आय लिव्ह इन लालबाग. आय ॲम हार्ड वर्किंग लेडी.” मोबाईलवर कुठलेतरी फुकटचे धडे बघून ती शिकत होती आणि रोजचा धडा म्हणून दाखवत होती. शब्दांच्या मधे ती थांबायची, तेव्हा मागे कारखान्यातला पाकिटं चिकटवायच्या मशिनचा आवाज येई. एके दिवशी ‘यस्टर्डे आय वेंट’ आलं. म्हणजे भूतकाळापर्यंत मजल गेली होती. अनुजा पहिला आवाज शेवटपर्यंत ऐकू शकली, पुढचे नाही. नुसता अंगठा दाखवून मोकळी होई. त्या नोकरीला इंग्रजी लागत नव्हतं. जे लागत होतं, आर्टरी फोर्सेप्स आणि किडनी ट्रे, ते मालनला कधीचं येत होतं. नसलेलं दुखणं आपण एका बाईला लावून दिलं आणि ती इमानेइतबारे त्यावर औषध घेतेय, असं तिला वाटे, आणि मग जेवताना, फोनवर बोलताना, बायकांचा वर्ग घेताना मधेच तिचं लक्ष उडे. गणपती झाले की पुढची जागा येईल, पहिलं नाव मालनचं, असं ती स्वतःला समजावी. तसली जागा पुन्हा कधी येते हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ती हॉस्पिटलात पूर्वीला बघायला गेली. कामाला लावलेल्या माणसाला मधूनमधून जाऊन भेटायचं, ही तिची पद्धत. पूर्वी खुशीत होती, निळा गाऊन तिला शोभत होता. त्या विभागाच्या प्रमुख नम्रता सिस्टर, मोठ्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी चहा मागवला. “पुढल्या आठवड्यात यायचं होतं तुम्ही, निवांत गप्पा झाल्या असत्या,” त्या म्हणाल्या. “गणपतीत आमच्याकडे शुकशुकाट असतो.”

“का हो?”

“का म्हणजे? गणपतीत ऑपरेशन कोण करून घेतंय? अगदी अडलेलं असेल तेच. बाकीचे पेशंट म्हणतात, सिस्टर, बाप्पा जाऊ दे, मग पोट फाडा.” त्या स्वतःच मोठ्याने हसल्या. “परळ-लालबागचे पेशंट आमचे. तेच गावी गेलेले असतात.”

“आणि स्टाफ?” अनुजाने विचारलं. चहाचा कप तिने उचलला होता तो तसाच धरून ठेवला.

“स्टाफ पण गावी. अर्धे आधी जातात, अर्धे गौरी गेल्यावर. आपापसात वाटून घेतात, मी फक्त सही करते.”

“नवीन लागलेल्याला देता रजा?”

“नवीन म्हणून त्याला काय गणपती नसतो? बिनपगारी घ्यायची. मला फक्त आधी सांगा, म्हणते मी. तेवढं सांगत नाहीत ना लोक, उठतात आणि जातात, मग राग येतो.” सिस्टरांनी बिस्किटाची बशी पुढे केली. “घ्या ना. तुमचं पण गाव तिकडेच ना?”

अनुजा हो म्हणाली आणि बिस्कीट घेतलं. ते खाल्लं की नाही ते तिला नंतर आठवलं नाही.

बाहेर पडून ती परळहून लालबागच्या दिशेने चालू लागली. बसने जाता आलं असतं, पण बसमध्ये बसून राहणं तिला जमलं नसतं. जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरच्या काचांवर ऊन चकाकत होतं, खाली मांडवांचे बांबू, रंगाचे डबे, ‘बाजूने चला’ म्हणून ओरडणारे कार्यकर्ते. इतक्या वर्षांत आपण एकाही कंपनीला हे विचारलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. संडास विचारला, डबा विचारला, पीएफ विचारला, आणि माझा माणूस गणपतीला गावी जाईल, चालेल का, हे सोपं वाक्य तोंडातून निघालं नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर? तिला वडिलांचा तो चेहरा आठवला आणि संताप आला, कुणाचा ते नीट कळेना. वडिलांनी निदान जाऊन तरी दाखवलं. जाऊन त्या झांजा वाजवल्या. आपण तर माणसांना विचारलंही नाही आणि जाऊही दिलं नाही, आणि वर त्यांचं भलं केल्याच्या समाधानात चतुर्दशीपर्यंत बसून राहिलो. ती मालनच्या चाळीच्या दारात पोहोचली. परत फिरावं असं तिला फार वाटलं. पण वरच्या गॅलरीतून मालनने तिला बघितलं होतं आणि ती हात हलवत होती.

“कम, मॅडम, कम. प्लीज सिट,” मालन दारातच म्हणाली आणि आपल्याच इंग्रजीला लाजून हसली. खोलीभर सामान पसरलेलं होतं. विजेच्या माळा, कापूर, अगरबत्त्या, दिराच्या पोरांसाठी कपडे, एका पिशवीत बर्फीचे खोके. उद्या पहाटेची गाडी. “विल यू हॅव टी?” तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गॅस पेटवला.

“चहा राहू दे, मालनताई. बसा जरा.”

ताई म्हटल्यावर मालनने मान वर केली आणि गॅस बंद केला. अनुजाने जे सांगायचं ते सरळ सांगून टाकलं, थांबली असती तर पुन्हा काहीतरी गोड कारण सुचलं असतं. तुमचं इंग्रजी कमी पडलं नव्हतं, काहीच कमी पडलं नव्हतं. तुमचं नाव मी पाठवलंच नाही. तुम्ही कोकणातल्या, गणपतीला जाल आणि नोकरी जाईल, असं मी ठरवून टाकलं. आणि आज कळलं की त्या हॉस्पिटलात सगळेच जातात, आधी सांगून. एवढं बोलायला फार वेळ लागला नाही. मालन विजेच्या माळेचा गुंता हातात धरून ऐकत होती आणि ऐकता ऐकता बोटांनी सोडवत होती.

“म्हणजे इंग्रजीचं खोटं.”

“खोटं.”

“यस्टर्डे, टुमारो, सगळं फुकटच.” मग तिचा आवाज बदलला, मॅडमशी बोलायचा गेला आणि घरचा आला. “माका इचारूक काय झाला होता तुमका?”

अनुजाने, न राहवून, जे विचारू नये ते विचारलं. “गेला असतात का तुम्ही? नोकरी लागली असती आणि रजा मिळाली नसती, तर?”

“आता काय सांगू?” मालन म्हणाली. “दिरांना कळवून ठेवलं होतं मी, यंदा जमेल न जमेल म्हणून. वर्षातून एकदा तिथे जाऊन राबते, म्हणून त्या घरात अजून माझं ताट मांडतात. नाही गेले तर पुढल्या वर्षी मांडतीलच असं नाही. तेव्हा गेलेही असते. नोकरी गेली असती तर डोकं आपटून घेतलं असतं. पण ती माझी नोकरी असती ना, मॅडम. माझी मी घालवली असती.” बोलता बोलता माळेची गाठ पुन्हा बसली. अनुजाला वाटलं, हिने आता ओरडावं, घराबाहेर काढावं, म्हणजे जिना उतरून जाता येईल. मालनने तसं काही केलं नाही. माळ बाजूला ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “आणि आणखी कोणाकोणाला असं केलंत?”

हा प्रश्न येईल असं अनुजाच्या मनात आलं नव्हतं. ती मालनला सांगायला आली होती, मालनपुरतं. आता एकेक श्रावण मागे जाऊ लागला आणि चेहरे दिसू लागले, खुर्चीच्या टोकावर बसून तिचं म्हणणं ऐकणारे, मान डोलावणारे. “सुंदराबाई परब,” ती म्हणाली. “शाळेतली जागा होती. तिला मी शिक्षण कमी आहे म्हटलं.” मग आणखी एक नाव, दादरच्या लाँड्रीतलं. मग म्हणाली, “रामजी तावडे.”

“रामजी? आमचा खालचा रामजी?”

“हो. एका बँकेत शिपायाची जागा होती. गेल्याच्या गेल्या वर्षी.”

“त्याला काय सांगितलंत?”

“वय. वय थोडं जास्त वाटतं, म्हटलं.”

मालन तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी जुळवत असल्यासारखी तिची नजर स्थिर झाली होती.

“म्हणून तो केस काळे करतो होय,” ती म्हणाली. “डोक्याला पुरळ उठलं, बायको पाया पडली, डॉक्टर ओरडला, तरी दर रविवारी करतोच. आम्ही सगळे हसतो त्याला. म्हातारपणी काय सुचलंय म्हणून.”

अनुजाने मान खाली घातली. खालच्या मजल्यावर कुणीतरी जोरात खोकलं. मालनने चपला पायात सरकवल्या आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

“घरीच आहे तो. चला.”

अनुजा हलली नाही. मालन परत आत आली आणि तिने तिच्या दंडाला धरून तिला उठवलं.

“चला,” ती म्हणाली. “मी येते बरोबर.”